अण्णांचं परमिट

माझे वडील कधी आजारी पडत नसत आणि या गोष्टीचा त्यांना भारी गर्व होता. कुणी सहज, बोलायचं म्हणून, "तब्येत कशी आहे?" विचारलं की ते अपमान झाल्यासारखी मान वर करत आणि म्हणत, "माले काय धाड भरनी!" आमचं घर खानदेशातलं. सुरतेला येऊन वीस वर्षं झाली तरी घरात अहिराणीच चाले, आणि हे वाक्य तर आमच्या उंबऱ्यावर दिवसातून एकदा तरी ऐकू येई. प्लेगच्या वर्षी आमची निम्मी लिंबायत वस्ती मिळेल त्या गाडीने गावाकडे पळाली, तेव्हासुद्धा अण्णांनी माझ्या आईला, म्हणजे मायला, आणि मला गाडीत बसवून दिलं आणि स्वतः हेच वाक्य म्हणून मागे राहिले. नंतर वर्षभर त्यांनी ते शौर्य सगळ्यांना ऐकवलं.

ते बमरोलीच्या एका कारखान्यात मागांवरचे मास्तर होते. कामगारांवर हुकूम आणि शेठपुढे कंबर लवलेली, अशी ती नोकरी. अण्णा ती मनापासून करत. सकाळी कामगार आत येताना ते दाराशी उभे राहून प्रत्येकाच्या तोंडाचा वास घेत. गुजरातेत दारूबंदी आहे हे लिंबायतीत फक्त अण्णांच्या लक्षात होतं. बाकीच्यांना पोटली, म्हणजे पिशवीत भरलेली हातभट्टी, चहापेक्षा लवकर मिळे. अण्णा तिच्यावर ओट्यावर बसून व्याख्यानं देत. एका माणसाला तर त्यांनी नुसत्या वासावरून कामावरून काढलं होतं. तो गयावया करत घरी आला, तेव्हा अण्णा त्याला म्हणाले की कायदा म्हणजे कायदा. मी तेव्हा अकरा-बारा वर्षांची असेन, आणि मला वाटलं होतं, काय माणूस आहे! आजही वाटतं, पण सूर बदललाय.

तर असा हा माणूस वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी दमणला जाऊन बिअर प्यायला.

दिवाळीला माग बंद झाले की आम्ही दरवर्षी गावी जायचो. त्या वर्षी शेठला काय उमाळा आला कोण जाणे, त्याने मास्तरला सहकुटुंब तीन दिवस दमणला जायला सांगितलं. शेठच्या मेहुण्याचं तिथे समुद्राच्या बाजूला लॉज होतं आणि त्यातल्या खोल्या रिकाम्या होत्या, हे उमाळ्याचं कारण आम्हाला तिथे गेल्यावर कळलं. खोलीत पंखा फिरताना खाटेइतकाच करकरायचा आणि पिण्याचं पाणी मचूळ होतं. पहिल्याच दुपारी अण्णांनी ते तोंडात घेतलं आणि थुंकलं. शेठचा मेहुणा समोरच खुर्ची टाकून बसला होता. त्याने एक हिरवी बाटली उघडली, ग्लास भरला आणि अण्णांच्या हातात दिला.

अण्णांची तत्त्वं शेठच्या माणसांपुढे नेहमी जरा बाजूला सरकून उभी राहत. त्यांनी ग्लास घेतला. मायने डोळे मोठे केले, पण मेहुण्यासमोर ती काय बोलणार. अण्णा पहिला घोट कडू औषध घ्यावं तसा प्यायले, दुसरा सावकाश प्यायले, आणि तिसऱ्यानंतर त्यांनी बाटली उचलून लेबल वाचलं. लेबलावर एक शिडाची होडी होती. पुढे आमच्या घरात त्या बिअरला होडीच म्हणत.

त्या तीन दिवसांत मी माझ्या बापाला पहिल्यांदा हसताना पाहिलं. कामगाराची चूक सापडल्यावरचं ते हसणं वेगळं, हे पोटातून आलेलं होतं. त्यांनी आपल्या लग्नाची गोष्ट सांगितली. घोडी बिथरली आणि नवरदेवाला घेऊन दुसऱ्याच वरातीत शिरली, आणि तिथल्या बायकांनी ह्यांना ओवाळलंसुद्धा! माय तोंडाला पदर लावून हसत होती. इतकी वर्षं ही गोष्ट कुठे ठेवली होती या माणसाने? मलाही एक घोट मिळाला. कारल्याच्या पाण्याला फेस आणावा तशी लागली, पण थंडगार होती, आणि अण्णांनी आपल्या हाताने दिली होती, म्हणून मला आवडली.

"दारू नही शे ती," अण्णांनी निकाल दिला. "जव शे. धान्य शे."

आता साध्या माणसाने काय केलं असतं? येताना चार बाटल्या कपड्यांत गुंडाळून आणल्या असत्या. सगळी सुरत तेच करायची. मेहुण्याने तशी पिशवी भरूनही दिली होती. अण्णांनी ती परत केली. गुजरातच्या हद्दीवरच्या नाक्यावर गाडी थांबली तेव्हा पोलीस आमच्याकडे बघतही नव्हता, तर ह्यांनी स्वतः उठून आपली बॅग उघडून त्याला दाखवली. पोलीस कंटाळून म्हणाला, "बेसो ने, काका." अण्णा बसले, आणि घर येईपर्यंत छाती पुढे काढून बसले.

पण होडी काही डोक्यातून जाईना. पोटलीवाल्याकडे जाणं त्यांच्या इभ्रतीत बसत नव्हतं आणि न पिणं आता जमत नव्हतं. मग कारखान्यातल्या हिशेबनीसाने त्यांना सांगितलं की सरकार स्वतःच परवानगी देतं. प्रकृतीच्या कारणासाठी परमिट मिळतं, दरमहा ठरलेल्या बाटल्या मिळतात, पावती मिळते, सगळं कायदेशीर. अण्णांच्या चेहऱ्यावर देव भेटल्याचं तेज आलं. फक्त एक बारीकशी अट होती. माणूस आजारी पाहिजे.

गल्लीतल्या डॉक्टरांकडे गेलो तेव्हा मी सोबत होते. कारण अर्ज गुजरातीत भरायचा होता. मी आठवीपासून गुजराती शाळेत शिकलेली आणि माझं अक्षर घरात सगळ्यांत चांगलं. डॉक्टर म्हणाले, झोप येत नाही असं लिहू. अण्णा चिडले. त्यांचं घोरणं चौथ्या घरापर्यंत ऐकू जाई आणि त्याचाही त्यांना गर्व होता. मग डॉक्टर म्हणाले, मनाचा ताण लिहू. अण्णा म्हणाले, मी काय येडा शे? शेवटी हृदय ठरलं. हृदयाला त्यांनी का होकार दिला ते मला रस्त्यात सांगितलं. शेठलाही हृदयाचाच त्रास होता. म्हणजे आजार जडायचाच तर शेठच्या तोलाचा जडावा!

मी घरी बसून अर्ज भरला. रोगाच्या रकान्यात 'हृदयरोग' लिहिलं. सुंदर लिहिलं, एकेका अक्षराला वळण देऊन. मला गंमत वाटत होती. बाप हसणार होता, त्यासाठी चार अक्षरं लिहायला माझं काय जात होतं?

काय जात होतं ते सांगते. मी तेव्हा साडीच्या नक्षीचा कोर्स करत होते. सुरतेतल्याच पर्वत पाटिया भागात एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमचे सर बसत. लिंबायतीहून रिक्षात कोंबून घेऊन जायचं, जिना चढायचा आणि चौकड्यांच्या कागदावर ब्रशने नक्षी भरायची. एक चौकडी म्हणजे एक धागा. भरलेल्या चौकडीवर धागा वर येणार, रिकामीवर खाली जाणार. त्या कागदावरून पुढे पुठ्ठ्यांना भोकं पडत आणि ते पुठ्ठे मागावर चढत. चुकीची एक चौकडी भरली तर साडीभर तीच चूक. मला हे काम इतकं आवडे की रिक्षात बसल्यावरसुद्धा समोरच्या बाईच्या पदराच्या चौकड्या मी मोजत असे. दीड वर्षाचा कोर्स होता, एक वर्ष झालं होतं. सर कधी कुणाचं कौतुक करत नसत. मला मात्र ते म्हणाले होते, "पूरुं कर, पछी अहीं ज बेस." कोर्स पुरा केला की तिथेच काम. आमच्या नात्यातली एकही मुलगी तोवर अशा टेबलाशी बसलेली नव्हती. मला ते टेबल हवं होतं, बाकी काही नको होतं.

अण्णांची तपासणी सरकारी दवाखान्यात झाली. सकाळी निघताना ते आरशापुढे उभे राहून चेहरा पाडून पाहत होते. तपासणाऱ्यांनी कागद पाहिले, छातीला नळी लावली आणि एका कागदावरचा रोग दुसऱ्या कागदावर उतरवला. तेवढ्यात एक घोळ झाला. हृदयाच्या रांगेत उभे असताना अण्णांना आमच्या गावचा एक जण भेटला. त्याच्या बायकोचं बाळंतपण तिथे होतं. त्याने विचारलं, "अण्णा, तुम्ही आठे?" खरं सांगायची सोय नव्हती. अण्णांनी छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, "जरासं धडधडस." हे सगळं घरी येऊन त्यांनी आम्हाला सांगितलं, वर हसलेसुद्धा. आम्हीही हसलो.

परमिट आलं. मोठ्या हॉटेलातल्या सरकारमान्य दुकानात होडीही मिळाली. अण्णा बाटल्या कापडी पिशवीत घालून पायी आले आणि परमिट सदऱ्याच्या वरच्या खिशात अर्धं बाहेर दिसेल असं ठेवलं, वाटेत पोलिसाने अडवावं म्हणून. कुणी अडवलं नाही. बिचारे हिरमुसले.

पण खोटं कशाला बोलू, त्यानंतरचे सुटीचे दिवस चांगले होते. दुपारी चारला माय गल्लीकडची खिडकी लावून घेई आणि बिबड्या भाजे, म्हणजे ज्वारीचे पापड, गावाहून आणलेले. अण्णा बाटली उघडत, स्टीलच्या ग्लासात ओतत, पहिला घोट घेऊन डोळे मिटत आणि दर वेळी म्हणत, "तीच शे." मला दिलेला घोट मुळीच तसा लागत नसे. दमणला ती चांगली लागली होती ती उन्हाने आणि मचूळ पाण्याने. लिंबायतीतल्या बंद खोलीत टेबलफॅनसमोर ती नुसतीच कडू होती. मी ते बोलले नाही. एवढा खटाटोप करून आणलेल्या वस्तूची चव तीच आहे असं माणसाला वाटत असेल तर वाटू द्यावं.

आणि दुसऱ्या ग्लासानंतर अण्णा म्हणत, "तुना कागद आन." मी नक्षीचा कागद पुढे पसरे. मागावरचा माणूस तो. चौकड्यांवर बोट फिरवत त्याला कापड दिसे. एकदा ते एका कैरीच्या देठापाशी थांबले. "आठे धागा सुटी जाई," म्हणाले. मी पाहिलं, खरंच चूक होती. सरांच्याही नजरेतून सुटली होती. मला त्या क्षणी माझ्या बापाचा जो अभिमान वाटला तो आठवला की आजही स्वतःचा राग येतो. त्यांनी खिडकीकडे बोट केलं. "कोर्स पुरा कर. मंग या खिडकीखाले तुले मोठं टेबल करी देसू." दुसऱ्या सुटीला पुन्हा म्हणाले. मायसमोर म्हणाले. बिअर प्यायलेला माणूस म्हणाला म्हणून काय ते शब्द नव्हते?

सव्वा महिना हे असं चाललं. सव्वा महिनाच, कारण तेवढे दिवस गावचा तो माणूस बाळंतिणीसाठी सुरतेत अडकला होता. सव्वा महिना झाल्यावर तो बायको आणि बाळ घेऊन गावी गेला, आणि बाळाच्या बातमीबरोबर अण्णांचीही सांगितली. एवढ्या काळात ती चांगली मुरली होती. गावात पोचली तेव्हा अण्णांना दोन झटके येऊन गेले होते आणि तिसऱ्याची वाट होती.

आमच्याकडे आजारी माणसाला भेटायला जाणं हे कर्तव्य आहे. लग्नाला नाही गेलात तरी एकवेळ चालतं, पण आजाऱ्याला न भेटता तो गेला तर पुढची दहा वर्षं तोंड दाखवायला जागा नाही. तेव्हा भुसावळकडून येणाऱ्या पॅसेंजरने माणसं यायला लागली. नारळ, ग्लुकोजची बिस्किटं, भरताची वांगी, कळण्याचं पीठ. मोठे काका आले, अण्णांचे थोरले भाऊ. फुई आली, म्हणजे आत्या, आणि ती दारातच रडायला लागली. पाठोपाठ दूरचे, जवळचे, सांगून नातं लागणारे. सगळे अण्णांच्या खाटेभोवती बसत आणि हृदयाने कोण कोण गेलं ते सांगत. अमका जेवता जेवता गेला. तमका तर हसत होता हो, हसता हसताच गेला. अण्णांना झोपून हे ऐकावं लागे. धडधाकट माणसाला गळ्यापर्यंत चादर घेऊन, अळणी भरीत खात, आपल्या मरणाची चर्चा ऐकावी लागे, आणि फ्रिजमध्ये वांग्यांमागे होडी थंड होत पडलेली असे. फ्रिज बिघडलाय, असं माय सगळ्यांना सांगे. पाहुणे माठातलं पाणी पीत आणि आजारपणात घरातल्या वस्तूही कशा साथ सोडतात यावर हळहळत.

मला हसू येत होतं. पंधरा दिवस मी पोट धरून हसले. मग एक दिवस फुईने अण्णांचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "भाऊ, तुना डोयादेखत पोरना हात पिवया व्हई जाऊ दे."

माझं हसू तिथेच थांबलं.

फुईच्या पदरात स्थळ तयारच होतं. तिच्या सासरकडचा मुलगा, तालुक्याच्या गावी शेतीपंपांचं दुकान. काही वाईट नव्हतं, तीच तर अडचण. वाईट असतं तर नाही म्हणता आलं असतं. आणि आजारी बापाच्या मुलीला चांगलं स्थळ आलंय म्हटल्यावर सगळ्यांनी माना डोलावल्या. कोर्स? कसला कोर्स? बापाचा भरवसा नाही आणि ही चौकड्या रंगवत बसणार? हे मला तोंडावर म्हणाले, ते सुद्धा मी उकळलेला चहा पिता पिता.

पाहुणे स्टेशनवर गेल्यावर मी अण्णांना गाठलं. म्हटलं, सांगून टाका की तुम्हाला काही झालेलं नाही. ते म्हणाले, सांगतो. दुसऱ्या सुटीला पाहुणे आले, गेले, ह्यांनी सांगितलं नाही. पुढच्या सुटीलाही नाही. मग मी चिडले आणि मोठ्याने बोलले, तेव्हा ते म्हणाले, "चार मानसंमा काय सांगू? का बिअर पेवासाठे मी खोटा आजारी पडनू?" माय भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. ती म्हणाली, "मंग पोरनं वाटोयं करशात का?" अण्णा तिच्याकडे न बघता म्हणाले, सुपारी फोडायच्या आधी सांगेन. ऐनवेळी, सगळ्यांसमक्ष सांगेन. मी विश्वास ठेवला. नाक्यावर न विचारता बॅग उघडून दाखवणारा माणूस होता तो. मला वाटलं, कायद्याच्या बाबतीत तरी तो खोटं पचवू शकणार नाही.

सुपारी फोडण्याची बैठक चैत्रात ठरली. मुलाकडचे पाच जण आले, आमच्याकडचे खोलीत मावतील तितके. सुरतेचा उकाडा, वर पत्रा, आणि अण्णा शाल पांघरून खाटेवर. त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि बायका एकमेकींना खुणावून तो घाम दाखवत होत्या. मी साडी नेसून दारात उभी होते. मोठ्या काकांनी ताटातली सुपारी उचलली. मी अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी मला पाहिलं. मग ते खोकले. छातीचा आजार असलेल्या माणसाने खोकावं असं त्यांना वाटलं असावं. खोकला त्यांना नव्हताच.

मी आत गेले. फ्रिज उघडला, वांगी बाजूला केली, होडीची बाटली काढली. स्टीलचा ग्लास घेतला. कपाटातून परमिटची प्लॅस्टिकची पिशवी घेतली. मायने मला पाहिलं आणि ती बाजूला झाली. तिने मला अडवलं नाही, हे मी कधी विसरणार नाही. बाहेर येऊन मी सगळं अण्णांच्या खाटेवर ठेवलं आणि म्हटलं, "काका, ह्यांना काही झालेलं नाही. ही प्यायला मिळावी म्हणून ह्यांनी खोटा आजार लिहून दिलाय. हे बघा."

मुलाच्या वडिलांनी बाटलीकडे पाहिलं. मला वाटलं, जिंकले.

मोठ्या काकांची उभी हयात नंदुरबारला गेलेली, गुजराती त्यांना छान वाचता येई. त्यांनी चष्मा लावला. पिशवीतून परमिट काढलं, शिक्का पाहिला, सही पाहिली. परमिटला अर्जाची नक्कल टाचलेली होती. तीही त्यांनी पाहिली आणि रोगाचा रकाना मोठ्याने वाचला. हृदयरोग. माझं अक्षर, एकेका वळणासकट. मग खाली तपासणाऱ्यांचा शेरा वाचला. वाचून त्यांनी चष्मा काढला आणि डोळे पुसले.

"ज्या राज्यमा चांगला मानूसले थेंब देतंस नही," ते म्हणाले, "तठे सरकार सोता सही करीसन पाजस. म्हनजे आते काय ऱ्हायनं?"

फुईने हंबरडा फोडला. बायका तिला धरायला धावल्या. मुलाचे वडील उठून अण्णांच्या पायथ्याशी बसले आणि त्यांचे पाय दाबू लागले. माझ्यावर कुणी रागावलंसुद्धा नाही. पोरीला बापाचं दुःख झेपत नाहीये, म्हणून ती असं बोलते, असं मागून कुणीतरी म्हणालं. मी जे खोटं म्हणून दाखवायला आणलं होतं त्यावर सरकारचा शिक्का होता, आणि आमच्या लोकांसाठी शिक्का म्हणजे सत्य. सरकार खोट्या आजारावर सही करेल, हे त्या खोलीतल्या एकाही माणसाच्या डोक्यात शिरणं शक्य नव्हतं. इतके भोळे, इतके आज्ञाधारक लोक मी त्यानंतर पाहिले नाहीत.

पण एक जण तर जाणत होता. मी त्यांच्यापुढे उभी राहिले. "अण्णा, सांगा ना. तुम्हले काय व्हयेल शे?"

सगळे त्यांच्याकडे पाहू लागले. अण्णांनी बाटलीकडे पाहिलं. बाटलीवर बाहेरून दव जमलं होतं. मग ते थोरल्या भावाकडे पाहून, अगदी हळू, आजारी माणसाच्या आवाजात म्हणाले, "डॉक्टरनी सांगेल शे. औषध म्हनीसन."

मोठ्या काकांनी स्वतःच्या हाताने बाटली उघडली, ग्लास भरला आणि अण्णांच्या मानेखाली हात घालून त्यांना उठवून बसवलं. "सावकाश पे," म्हणाले. आणि अण्णा प्यायले. भर दुपारी, उघड्या खिडकीशी, चौदा-पंधरा नातेवाइकांच्या मायेच्या नजरेखाली, अख्खा ग्लास प्यायले. नंतर सुपारी फुटली. लग्न वैशाखात ठरलं, शक्य तितकं लवकर, कारण काही सांगता येत नव्हतं.

माझा शेवटचा कागद अर्धा भरून पर्वत पाटियालाच राहिला. मी सरांना सांगायला गेले तेव्हा त्यांनी तो गुंडाळून मला देऊ केला. मी घेतला नाही. पुढे काही वर्षांत ते सगळं काम संगणकावर गेलं, आणि आमच्याकडचे लोक मला आजतागायत समजूत घालतात की बघ, तसंही ते बंदच पडणार होतं, तुझं काही गेलं नाही. त्यांना मी काय सांगू? संगणकापुढेही कुणीतरी बसतंच की. माझे यजमान भले माणूस आहेत, दुकान चांगलं चालतं, मुलं मार्गी लागली. खिडकीखालचं टेबल कुणी केलं नाही.

अण्णांचं मात्र उत्तम झालं. बैठकीनंतर त्यांना खिडकी लावून घ्यायची गरज उरली नाही. औषध म्हणून ते ओट्यावर बसून पीत आणि गल्लीतले लोक जाताना मान हलवून हळहळत. बमरोलीत तोंडाचा वास घेणं मात्र त्यांनी निवृत्त होईपर्यंत सोडलं नाही. ज्यांनी ज्यांनी त्यांच्या खाटेभोवती बसून त्यांच्या मरणाचा अंदाज बांधला होता ते बहुतेक सगळे गेले. मोठे काका गेले, फुई गेली, ज्यांनी हृदय सुचवलं ते डॉक्टर तर खरोखरच हृदयाने गेले. सगळ्यांना पोचवायला अण्णा होते.

माय गेल्यापासून ते दर उन्हाळ्यात माझ्याकडे येतात. ऐंशीला टेकलेत. आमचा तालुका महाराष्ट्रातला, इथे कुणाला आजारी पडावं लागत नाही. बसस्टँडशेजारी दुकान आहे आणि तिथे होडी अजून मिळते. माझे यजमान कौतुकाने आणून ठेवतात. चार वाजता मी स्टीलचा ग्लास काढते, बिबड्या भाजते आणि ओट्यावर त्यांच्यापुढे ठेवते. पहिल्या घोटाला ते डोळे मिटून म्हणतात, "तीच शे." त्या बैठकीबद्दल ते इतक्या वर्षांत एक अक्षर बोललेले नाहीत, आणि मीही नाही.

फक्त एक गोष्ट मी चुकवत नाही. यजमान बसलेले असतात, मुलं असतात, शेजारपाजारचं कुणी आलेलं असतं. चार माणसं जमलीत हे बघूनच मी विचारते, "अण्णा, तब्येत कशी आहे?"

ते मिशीवरचा फेस पुसतात, मान वर करतात आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ठणठणीत आवाजात म्हणतात, "माले काय धाड भरनी!"

सगळे हसतात. मी बिबड्यांची ताटली पुढे सरकवते. एवढंच एक वाक्य त्यांनी त्या दिवशी म्हणायला हवं होतं.